छापून गेलेला आकडा: एका कारखान्यातले अपघात आणि बीआरएसआर

ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सूचिबद्ध कंपनीची हकीकत आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेच ठेवलं आहे. या कंपनीचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल, तयार करायचं काम तीन वर्षं माझ्याकडे होतं. म्हणजे यातली एक मोठी चूक माझीही आहे. ती कुठली, ते ओघात येईलच.

पार्श्वभूमी

कंपनी वाहनांसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवते. तीन कारखाने, सुमारे 2,100 कामगार, त्यातले 1,400 कंत्राटी. शेअर बाजारात बाजारमूल्यानुसार क्रमांक चारशेच्या आसपास.

2013 च्या कंपनी कायद्याने सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करणं आलं आणि एप्रिल 2014 पासून ते लागू झालं. तेव्हापासून या कंपनीच्या वार्षिक अहवालात दहाबारा गुळगुळीत पानांची भर पडली. जिल्हा परिषदेच्या शाळेला संगणक, टेकडीवर वृक्षारोपण, मुलींना सायकली. सायकलीचं एक हँडल एमडी साहेबांच्या हातात, दुसरं मुलीच्या हातात आणि दोघं कॅमेऱ्याकडे बघताहेत, असा फोटो दरवर्षी असायचाच. त्या पानांत खोटं काही नव्हतं. सायकली खरंच दिल्या होत्या. फक्त कारखान्याच्या आत काय चाललंय याचा त्यात मागमूस नसे, आणि कुणी विचारतही नसे.

विचारायला सुरुवात सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, केली. 2012 मध्ये पहिल्या 100 कंपन्यांना जबाबदारी अहवाल लागू झाला, पण त्यात बराचसा भाग ‘धोरण आहे का? हो / नाही’ अशा छापाचा होता. मे 2021 मध्ये त्याच्या जागी बीआरएसआर आला आणि 2022-23 पासून पहिल्या 1,000 कंपन्यांना तो बंधनकारक झाला. यात आकडे द्यावे लागतात: वीज किती, पाणी किती, कचरा किती, कामगारांचे अपघात किती. आणि चालू वर्षाच्या शेजारी मागच्या वर्षाचा आकडा. जुलै 2023 मध्ये बीआरएसआर कोअर आला. त्यातल्या नऊ बाबींवर त्रयस्थ संस्थेचं ॲश्युरन्स, म्हणजे आकडे तपासल्याची हमी, घ्यायचं. 2023-24 ला पहिल्या 150 कंपन्या, मग 250, 2025-26 ला 500 आणि 2026-27 ला 1,000. मार्च 2025 मध्ये सेबीने थोडी ढील दिली. ॲश्युरन्सऐवजी ‘असेसमेंट’ (मूल्यमापन) चालेल असं सांगितलं, पुरवठा साखळीची माहिती ऐच्छिक केली. तरी आमच्या कंपनीची पाळी 2025-26 ला येणारच होती. म्हणून संचालक मंडळाने ठरवलं की 2024-25 च्या अहवालावर एक रंगीत तालीम करून घेऊ. बाहेरची एक संस्था नेमली. मी अहवाल लिहिणारा, ते तपासणारे. दोघं वेगळे असणं गरजेचंच होतं, आणि नंतर लक्षात आलं की किती गरजेचं होतं.

अडचण कुठे सापडली

विजेचं काम एका दिवसात झालं. महावितरणची बिलं असतात, बेरीज जुळली की संपलं. पाण्याला जरा वेळ लागला, कारण उन्हाळ्यात टँकर येतात आणि प्रत्येक टँकर 10,000 लिटरचा धरून हिशोब केलेला होता. प्रत्यक्षात काही टँकर त्याहून बरेच लहान निघाले. दुरुस्त केलं, पुढे गेलो.

मग सुरक्षिततेचं पान आलं. काम बुडवणाऱ्या अपघातांचा दर, म्हणजे एलटीआयएफआर, दर दहा लाख मनुष्यतासांमागे किती अपघात झाले ते सांगतो. मी मसुद्यात लिहिलेला आकडा 0.19. मागच्या वर्षीचा, छापून गेलेला, 0.38. निम्म्यावर आला म्हणून कंपनीच्या संपर्क विभागाने त्याचा एक हिरवा चौकोनही करून ठेवला होता, बाण खाली जाणारा.

तपासणाऱ्या संस्थेकडून आलेली मुलगी जेमतेम पंचविशीची, इंजिनीअर. तिने एचआरची एक्सेल शीट बाजूला ठेवली आणि दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर जाऊन सिक्युरिटीची वही मागितली. गाड्यांच्या ये-जा नोंदीची वही, लाल पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. त्यात एका पानावर वॉचमनच्या अक्षरात ओळ होती: ‘कंपनी जीप बाहेर, रात्री 2:40, दवाखाना.’ तिने ती तारीख लिहून घेतली आणि प्रथमोपचार रजिस्टर उघडलं. त्याच रात्री तिसऱ्या पाळीत नोंद होती: ‘प्रेस नं. 14, उजवा अंगठा, पट्टी करून पाठवले.’ मग तिने ठेकेदाराचं मस्टर मागितलं. त्या कामगाराच्या नावापुढे दुसऱ्या दिवसापासून सलग गैरहजर, आणि महिन्याअखेरीला लाल शाईत ‘सोडून गेला’.

एचआरच्या शीटवर तो अपघात नव्हता.

पुढचे चार दिवस तिने तिन्ही कारखान्यांत हेच केलं: गेटची वही, प्रथमोपचाराचं रजिस्टर, मस्टर, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कागद. चार वह्या शेजारी शेजारी. 2024-25 मध्ये आम्ही 1 अपघात धरला होता, निघाले 12. मागच्या वर्षी 2 छापले होते, निघाले 13. कायमचं अपंगत्व दोन्ही वर्षी ‘निरंक’ लिहिलं होतं. तिथे 2023-24 ला दोघांची आणि 2024-25 ला एकाची बोटं गेली होती. जास्तीचे सगळे, दोन वर्षांचे मिळून 22 जण, कंत्राटी होते.

आणि इथे माझी चूक. दर काढताना मनुष्यतास मी बायोमेट्रिकवरून घेतले होते. त्यात कंत्राटी कामगारांचे तास होतेच: 2023-24 ला 52 लाख तास. म्हणजे भागायला सगळ्यांचे तास आणि वर अपघात फक्त कायम कामगारांचे. 2,100 माणसांच्या घामाने भागायचं आणि 700 जणांच्या जखमा मोजायच्या, असा हिशोब. 2023 च्या सुधारित नमुन्यात या तक्त्याखाली कंत्राटी कामगार धरून, अशी टीप आहे. ती मी वाचली होती. एचआरने शीट दिली, मी ‘कामगार’ या रकान्यात आकडा भरला, तो कुणाचा आहे हे विचारलं नाही. दर कमी आला की कुणी प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नाही.

हे लपलं कसं

कुणी बसून कट केला असं मला शेवटपर्यंत आढळलं नाही. तीन साध्या गोष्टी जुळून आल्या होत्या.

ठेकेदाराचा ईएसआय कोड त्याचा स्वतःचा असतो. अपघाताचा अहवाल त्याच्या नावाने जातो, कंपनीच्या एचआरकडे त्याची प्रत येईलच असं नाही. दुसरं, कंपनीने ठेकेदारांसाठी गुणपत्रिका केली होती आणि त्यात दर अपघातामागे गुण वजा होत. सलग दोन तिमाही गुण घसरले की ठेका धोक्यात. तिसरं म्हणजे प्लांट हेडच्या पगारातला बदलता हिस्सा एलटीआयएफआर 0.5 च्या खाली ठेवण्याला बांधलेला होता. शिवाय जानेवारीत ‘शून्य अपघात’ ढाल. अपघात कळवावा असं वाटायला कुणाकडेच कारण उरलं नव्हतं.

22 पैकी 9 जणांचे अपघात ठेकेदारांनी ईएसआयला रीतसर कळवले होते. ते फक्त आमच्यापर्यंत आले नव्हते. 8 जणांना आजारपणाची रजा दाखवली होती. उरलेल्या 5 जणांना जवळच्या खासगी दवाखान्यात नेऊन ठेकेदाराने रोख पैसे भरले होते, कागदच नाही.

यात आजारपण दाखवलेले 8 जण मला सगळ्यात जास्त टोचले. ईएसआयमध्ये कामावरच्या दुखापतीने तात्पुरतं अपंगत्व आलं तर मजुरीच्या 90 टक्के मिळतात आणि बरं होईपर्यंत मिळतात. आजारपणाला 70 टक्के, तेही वर्षाला 91 दिवसांपर्यंत. शिवाय आजारपणासाठी आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी लागते; दुखापतीला तशी अट नाही. समजा मजुरी रोजची 600. एकाला 540, दुसऱ्याला 420. चाळीस दिवस घरी बसला तर फरक 4,800 रुपये. बोट गेलं असेल तर त्याहून मोठं नुकसान: अख्खा अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं कायद्याचं कोष्टक धरतं, तर्जनीला 14 टक्के, आणि त्यानुसार कायमस्वरूपी मासिक रक्कम बसते. कागदावर ताप-खोकला लिहिला की हे दारच बंद. अहवालातलं एक शून्य असं कुणाच्या तरी खिशातून निघत होतं.

समोरचे पर्याय

मे 2025 मधली ऑडिट समितीची बैठक. एमडी, कंपनी सेक्रेटरी मॅडम, एचआर प्रमुख, तीन स्वतंत्र संचालक आणि कोपऱ्यात मी. चार वाटा चर्चेला आल्या.

पहिली एचआर प्रमुखांची: या वर्षी तालीमच आहे, सक्ती नाही. ॲश्युरन्स थांबवू, जुन्या पद्धतीने छापू, 2025-26 ला नीट करू. आकर्षक वाट. पण तपासणाऱ्यांच्या टिपणात सगळं लिहून आलेलं होतं आणि पुढच्या वर्षी तेच लोक येणार होते.

दुसरी: व्याख्या बदलू, ‘फक्त कायम कामगार’ अशी टीप टाकू. नमुन्यातच कंत्राटी धरा म्हटलंय, त्यामुळे ही पाच मिनिटांत पडली.

तिसरीवर खरी चर्चा झाली. या वर्षीपासून खरा आकडा द्यायचा, मागच्याला हात लावायचा नाही. कायदा सल्लागारांचा कल इकडे होता. छापून गेलेलं उकरू नये. पण तक्त्यात दोन वर्षं शेजारी येतात. 0.38 च्या शेजारी 2.22 छापलं की वाचणाऱ्याला वाटणार, एका वर्षात कारखान्यात हाहाकार माजला. प्रत्यक्षात तर किंचित सुधारणा होती. म्हणजे जुना चुकीचा आकडा सांभाळण्यासाठी नव्या खऱ्या आकड्यालाही खोटं बोलायला लावायचं.

चौथी: दोन्ही दुरुस्त करायचे. 0.38 खोडून 2.50, शेजारी 2.22, आणि खाली काय चुकलं होतं ते.

एमडी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे गेल्या वर्षी आपण खोटं छापलं?”

मॅडम म्हणाल्या, “चुकीचं छापलं, सर. आता माहीत असून ठेवलं, तर खोटं होईल.”

एमडींची धास्ती मोठ्या ग्राहकांची होती. वाहन कंपन्या पुरवठादारांना सुरक्षिततेवर गुण देतात. साडेसहापट वाढलेला आकडा बघून पुढची ऑर्डर हातची गेली तर? एका स्वतंत्र संचालकांनी, ते निवृत्त बँकर, एवढंच सांगितलं की त्यांच्या बँकेत ज्या शाखेत थकबाकी शून्य दाखवायचे त्या शाखेला तीन वर्षं बक्षीस मिळालं आणि चौथ्या वर्षी तिथे तपासणी पथक बसलं. त्या गोष्टीने सभेचा सूर बदलला. चौथा पर्याय ठरला. एकमताने नाही; एचआर प्रमुखांनी ‘या वर्षीच का’ हे इतिवृत्तात नोंदवायला लावलं. मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला.

काय केलं

पहिलं काम कारखाने निरीक्षकांचं. तेव्हा लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या कलम 88 प्रमाणे 48 तास किंवा त्याहून अधिक काळ काम करता येणार नाही अशी दुखापत झाली तर सूचना द्यावी लागते. ज्यांची गेली नव्हती त्यांची उशिराची सूचना कंपनीने स्वतःहून दिली. प्लांट हेड घाबरले होते, कारण कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून नाव त्यांचं. कंपनीने वकील दिला आणि लेखी कळवलं की या उशिराबद्दल त्यांच्यावर खात्यांतर्गत कारवाई होणार नाही. ते पत्र आधी दिलं नसतं तर पुढच्या वह्या इतक्या सहज हाती लागल्या नसत्या, असं मला वाटतं.

दुसरं, कामगार. आजारपण दाखवलेले 8 आणि कागदच नसलेले 5, अशा 13 जणांना शोधायचं होतं. सेफ्टी ऑफिसर आणि एचआरची एक मुलगी यांनी जुने मोबाइल नंबर, ठेकेदाराचे मुकादम, खोलीचे साथीदार असं करत 11 जण गाठले. त्यांचे अपघात अहवाल नव्याने ठेकेदारांकडून भरून घेतले. एका ठेकेदाराने नकार दिला, तर मूळ मालक म्हणून कंपनीने पाठपुरावा केला.

मग यंत्रं. बोटं गेलेले तिन्ही अपघात जुन्या यांत्रिक प्रेसवर झाले होते. तिथे दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय होती, पण एक बटण काडी खुपसून कायमचं दाबून ठेवलेलं. उत्पादन वाढतं त्याने. सगळ्यांना माहीत होतं. अशा 31 प्रेसवर हात मध्ये आला की यंत्र थांबवणारे प्रकाशाचे पडदे बसवायला मंजुरी मिळाली.

प्लांट हेडच्या पगारातली एलटीआयएफआरची अट काढली. त्याऐवजी थोडक्यात टळलेल्या घटना किती नोंदवल्या आणि त्यावर किती दिवसांत काम झालं, हे बघायचं. ठेकेदारांच्या गुणपत्रिकेत अपघाताचे गुण वजा होणं बंद, लपवला तर मात्र ठेका रद्द.

अहवालात काय लिहायचं यावर शेवटचा आठवडा गेला. मला एमडींच्या पत्रातच दोन ओळी हव्या होत्या. ते तयार झाले नाहीत. अखेर तक्त्याच्या वर अर्ध्या पानाची चौकट आली: कोणता आकडा बदलला, किती होता, किती झाला, कुणाचे अपघात सुटले होते. मसुद्यात ‘पद्धतीतील सुधारणेमुळे’ असा शब्दप्रयोग कुणीतरी घातला होता. मॅडमनी तो खोडून ‘नोंदीतील त्रुटीमुळे’ केला. हिरवा चौकोन गेला.

काय झालं

अहवाल जुलैत प्रसिद्ध झाला. शेअरच्या भावावर काही परिणाम दिसला नाही. वार्षिक सभेत एका भागधारकाने प्रश्न विचारला, तोही लाभांशाचा झाल्यावर. दोन ग्राहकांनी खुलासा मागवला. एकाने आपली माणसं पाठवून प्रेस शॉप बघितलं आणि पडदे कधी बसणार याची तारीख लेखी घेतली. ऑर्डर कुणी काढून घेतली नाही. दुसऱ्याने मात्र त्या वर्षीचे गुण कमी केले, ते वाढलेले नाहीत.

13 पैकी सहा जणांना आजारपण आणि दुखापत यातला फरक मिळाला. दोघांची अपंगत्वाची तपासणी वैद्यकीय मंडळापुढे झाली. बाकीच्यांची प्रकरणं मी हे लिहिताना चालू आहेत.

सगळं सरळ झालं असंही नाही. नकार देणाऱ्या ठेकेदाराचा ठेका काढला तेव्हा त्याचे 180 कामगार दुसऱ्या ठेकेदाराकडे वर्ग झाले आणि त्यांची जुनी नोकरी ग्रॅच्युइटीसाठी धरायची की नाही यावर वाद लागला. त्यांचा यात काडीचा दोष नव्हता. आणि 2025-26 च्या पहिल्या सहामाहीत तिसऱ्या कारखान्याचा दर वाढला. अपघात वाढले की नोंदी वाढल्या, हे आत्ता कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापुरतं पहिलं उत्तर सोपं: अंश आणि छेद एकाच माणसांचे आहेत का, हे तीन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. आता कुठल्याही कारखान्यात गेलो की एक्सेल उघडायच्या आधी गेटची वही मागतो. वॉचमनला अहवालाशी देणंघेणं नसतं, म्हणून त्याची नोंद सहसा खरी असते.

दुसरं, ठेकेदारांना बैठकीला फार उशिरा बोलावलं. मे महिन्यात सगळं ठरल्यावर त्यांना सांगितलं, त्यामुळे एकजण अडून बसला आणि त्याची किंमत 180 जणांनी मोजली. एप्रिलमध्येच बोलावलं असतं, गुणपत्रिकेची अट आधी काढली असती, तर कदाचित टळलं असतं.

प्लांट हेडचा बोनस बदलला, पण एचआर आणि ऑपरेशन्सच्या वरिष्ठांचे निकष तसेच राहिले. हा मुद्दा मी दोनदा मांडला. अजून तो ‘विचाराधीन’ आहे.

आणि न सापडलेले दोघं. त्यांचे अपघात छापलेल्या 2.50 मध्ये मोजलेले आहेत. त्यातला एक प्रेस नं. 14 वाला. ठेकेदाराकडचा त्याचा मोबाइल बंद आहे, आधारच्या प्रतीवरचा पत्ता बिहारमधल्या एका गावाचा. जूनमध्ये कंपनीने त्या पत्त्यावर हिंदीत रजिस्टर पत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी ते ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून परत आलं. सेफ्टी ऑफिसरनी ते न फोडता फाइलला लावून ठेवलंय आणि मुकादमाकडून त्याच्या मेहुण्याचा नंबर मिळतोय का, ते बघताहेत.